हातचा एक

१७ जानेवारी

सोसायटीचा तिमाही हिशेब शीटमध्ये भरून झाला. मग त्याच शीटच्या एका रिकाम्या चौकटीत १२३४५६७८९८७६५४३२१ टाइप केलं. एंटर दाबल्याबरोबर शेवटचे दोन अंक गेले आणि त्यांच्या जागी दोन शून्यं येऊन बसली: १२३४५६७८९८७६५४३००. ही शीट पहिले पंधरा अंक तेवढे जपते, पुढचं सगळं तिच्या लेखी शून्य. देखभालखर्चाला पंधरा अंक पुरून उरतात, त्यामुळे कुणाची तक्रार नसते. पण डावीकडून वाचा की उजवीकडून, ही संख्या तीच राहते. तिची शेपटी कापली की उरलं काय?

आज कापरेकरांची जयंती, म्हणून ही संख्या. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ साली रँग्लर परांजप्यांच्या नावाचं गणिताचं बक्षीस, आणि पुढे १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. त्यांची आठवण निघाली की गाडी ६१७४ वर जाऊन थांबते. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. त्यांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करून वजाबाकी करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतं आणि मग हलत नाही. गंमत चांगली आहे, माझा तिच्यावर राग नाही. पण डोंबिवलीकर म्हणून माझा हक्क दुसऱ्याच संख्यांवर आहे. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा संख्यांना कापरेकर डेम्लो संख्या म्हणत. मुंबईपासून तीस मैलांवर, तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेच्या एका स्टेशनात त्यांना या संख्यांचा नाद लागला, त्या स्टेशनाचं हे नाव. ते स्टेशन म्हणजे आजची डोंबिवली, असं सांगतात. सकाळी ८.१० ला त्याच फलाटावर उभं राहिलं तर संख्या सुचायचं सोडाच, स्वतःचा फोन नंबर आठवत नाही.

१८ जानेवारी

चौकटीची वही काढून उभा गुणाकार मांडला. नऊ एक ओळीने लिहायचे, १११११११११, आणि त्याला त्यानेच गुणायचं. पाढे लागतच नाहीत. तीच ओळ नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. मग बेरीज करताना उभ्या रांगेत किती एक आले तेवढे मोजायचे. उजवीकडच्या पहिल्या रांगेत एक, तिच्या शेजारी दोन, मग तीन, असं चढत मधल्या रांगेत नऊ. तिथून पुढे वरच्या ओळी संपत जातात, म्हणून आठ, सात, सहा करत पुन्हा एक. एवढंच आहे या चढउताराचं गुपित.

शेजारचा नववीतला पोरगा किल्ली द्यायला आला होता. वहीत डोकावला आणि लगेच म्हणाला, “आजी, दहा एक घेतले तर मधे दहा येणार?”

“करून बघ.”

“दहा कसा लिहिणार पण एका चौकटीत?”

“तेच तर बघायचंय.”

वहीचं एक पान फाडून घेऊन गेला. प्रश्न नेमका जिथे विचारायचा तिथे विचारला पठ्ठ्याने. आयुष्यभर शाळेत शिकवलं, पण इतक्या पटकन या जागेवर बोट ठेवणारी मुलं थोडी भेटली.

२० जानेवारी

हिशेबाच्या भाषेत ही संख्या वाचायला गेलं तर बोबडी वळते. एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, आणि वर शहात्तर लाख चौपन्न हजार तीनशे एकवीस. कोटींचे कोटी. ‘कोटी’च्या पुढे आपण नावं वापरायची सोडली, त्याचा हा परिणाम.

भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० साली, ही अडचण नव्हती. तिथे एक, दश, शत, सहस्र यांच्यापासून परार्धापर्यंत अठरा स्थानं आहेत. आज तोंडाने मोठ्याने म्हणून पाहिलं: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. संख्या वाचली की श्लोक म्हटला, कळू नये. स्वयंपाकघरातून हे म्हणाले, “कुणाची पूजा आहे आज?”

सतरा स्थानं लागली. अठरावं, परार्ध, तेवढं रिकामं राहिलं.

आकार किती? इतके सेकंद मोजले तर सुमारे ३९ कोटी वर्षं होतात. सह्याद्रीचा काळा दगड ज्या लाव्ह्याचा झाला तो ओतला गेला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे ही संख्या सेकंदांत घेतली तर त्या काळ्या दगडाच्याही कितीतरी मागे जाते. मोठ्या संख्येचं मोठेपण सांगायची ही रीत मला खरं तर आवडत नाही. संख्या मोठी आहे म्हणून ती मला आवडते असं नाहीच. तिच्यात काय काय दडलंय, ते बघायचंय.

२१ जानेवारी

जेवताना यांच्याशी वाद. हे जन्मभर इंजिनीअर. म्हणाले, “तुझ्या संख्येत काही नाही. हाताला बोटं दहा, म्हणून दहाची मोजणी, म्हणून हा आरसा. बोटं आठ असती तर सातवरच उतरण लागली असती.”

बरोबर आहे. आठच्या मोजणीत सात एकांच्या वर्गापर्यंतच चढण राहील. संगणकाच्या दोनच्या मोजणीत तर ११ गुणिले ११ म्हणजे १००१, दुसऱ्याच पायरीवर घसरगुंडी. जी. एच. हार्डी या इंग्रज गणितज्ञाने १९४० च्या आपल्या पुस्तकात नेमक्या असल्या गोष्टींना बाहेरचा दरवाजा दाखवला होता. ८७१२ म्हणजे उलट्या २१७८ ची चौपट, आणि ९८०१ म्हणजे उलट्या १०८९ ची नऊपट. चार अंकी संख्यांत अशा दोनच. हार्डीच्या मते हे कोड्यांच्या सदरात शोभणारं, गणितज्ञाला त्यात घेण्यासारखं काही नाही.

कापरेकरांची सगळी हयात याच दरवाजाच्या बाहेर गेली. आपल्या पुस्तिका त्यांनी स्वतःच छापल्या. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्या घेतल्या. मार्टिन गार्डनरने १९७५ च्या मार्चमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. हार्डी चूक असं मी म्हणणार नाही. पण आरसा दिसला की लोक तिथेच थांबतात, मागे काय आहे ते बघत नाहीत, आणि तो दोष आरशाचा नाही. यांना तसं सांगितलं. “मग दाखव मागे काय आहे ते,” म्हणाले आणि ताट उचलून गेले.

२३ जानेवारी

मागे काय आहे.

१११११११११ मध्ये नऊ एक, अंकांची बेरीज नऊ, म्हणून नऊने भाग जाणार. भाग देऊन येतं १२३४५६७९. यात आठ नाही! एकपासून नऊपर्यंत सगळे हजर, आठ गैरहजर. (एकाला ८१ ने भागलं की दशांश चिन्हापुढे हीच रांग निघते, ०.०१२३४५६७९०१२३४५६७९…, तिथेही आठ नाही.) पुढे फोडत गेलं की नऊ एक म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७. तीनही मूळ संख्या. ३७ हा शाळेतला जुना ओळखीचा, ३७ त्रिक १११. ३३३६६७ आधी अनोळखी वाटतो, पण तीनने गुणला की १००१००१, म्हणजे तोही याच घरातला.

तेव्हा माझी सतरा आकडी म्हणजे तीनचा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. विभाजक मोजायचे तर पाच गुणिले तीन गुणिले तीन, ४५. पूर्ण वर्गाचे विभाजक मोजले तर नेहमी विषमच निघतात, कारण वर्गमुळाला वेगळा जोडीदार नसतो. हे सगळं बोटांवर अवलंबून नाही. आठ बोटांच्या प्राण्यालाही या संख्येचे ४५ च विभाजक मिळतील. ते लिहील वेगळ्या आकड्यांत, एवढंच. यांना ऐकवलं. “हं,” एवढीच दाद.

आता बोटांवर अवलंबून असलेली एक. अंकांची बेरीज करा: एक ते नऊ ४५, परत येताना आठ ते एक ३६, एकूण ८१. आणि ८१ ने या संख्येला नेमका भाग जातो, कारण ती १२३४५६७९ च्या वर्गाची बरोबर ८१ पट आहे. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो तिला कापरेकर हर्षद संख्या म्हणत, आनंद देणारी. (पश्चिमेत तिला निव्हन संख्याही म्हणतात, १९७७ साली आयव्हन निव्हन एका परिषदेत तिच्याबद्दल बोलले म्हणून. मी हर्षदच म्हणणार.) नऊ डेम्लो संख्यांपैकी हर्षद किती, ते तपासायला वेळ लागला नाही. जितके एक घेऊन वर्ग केला तितक्याचा वर्ग ही त्यांची अंकबेरीज असते: १२१ ची चार, १२३२१ ची नऊ, १२३४३२१ ची सोळा. भाग जाणाऱ्या तीनच: १, १२३२१ आणि ही सतरा आकडी.

२४ जानेवारी

महावीराचार्यांचा गणितसारसंग्रह आठवला. नवव्या शतकातला, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळचा. ज्या घराण्याने वेरूळचं कैलास लेणं कोरवलं, त्याच घराण्यातला हा राजा. त्यात एक संख्या अशी सांगितली आहे की एकापासून सुरू होऊन सहापर्यंत जाते आणि मग क्रमाने उतरते: १२३४५६५४३२१. सहा एकांचा वर्ग. पण महावीराचार्य तिथे वर्गाने पोचत नाहीत. ते २७९९४६८१ ला ४४१ ने गुणायला सांगतात. मी ४०० ने आणि ४१ ने वेगवेगळं गुणून बेरीज केली, जमलं. ४४१ म्हणजे २१ चा वर्ग, आणि दुसरा अवयव म्हणजे ५२९१ चा. २१ गुणिले ५२९१ म्हणजे नेमके सहा एक: ११११११. अशा गुणाकारांना ते गळ्यातल्या कंठ्याची उपमा देतात.

विद्यार्थ्यापासून उत्तर लपवून ठेवायची ही तऱ्हा मला फार आवडली. पंधराव्या पायरीवर बिचाऱ्याला एकदम दिसणार की आपण हार ओवत होतो. हजारांवर वर्षांपूर्वीच्या मास्तरचा खोडकरपणा.

२७ जानेवारी

सकाळी पाणी गेलं होतं, टँकरवाल्याशी बोलणी, सेक्रेटरींचे फोन. दुपारी वही.

कापरेकरांच्या नावाची आणखी एक जात आहे. ४५ चा वर्ग २०२५. मधून कापा: २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. तसंच २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. ७०३ चंही तसंच. अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. तर नऊ एकही कापरेकर आहेत का? वर्ग कापला. उजवीकडचे नऊ अंक ९८७६५४३२१, डावीकडे उरले १२३४५६७८. बेरीज ९९९९९९९९९.

नऊ एक हवे होते, नऊ नऊ आले. लहान भावंडं तपासली. १२३२१ कापून १२ अधिक ३२१, ३३३. १२३४३२१ मधून १२३ अधिक ४३२१, ४४४४. पाच एकांचे ५५५५५. म्हणजे जितके एक, तितक्या पट उत्तर. कापरेकर संख्या यांपैकी कुणीच नाही (पहिला १ सोडून), पण सगळ्या एकाच शिस्तीत चुकतात.

ही शिस्त का? विचार करताना एकदम लक्षात आलं की हा आपला नवाचा ताळाच आहे, फक्त मोठा. दहाला नऊने भागून एक उरतो म्हणून अंकांची बेरीज चालते. तसंच एकावर नऊ शून्यांच्या संख्येला ९९९९९९९९९ ने भागलं तरी एकच उरतो. म्हणून डावा तुकडा उचलून उजव्यात मिळवणं म्हणजे ९९९९९९९९९ चे गठ्ठे टाकून देणं. आता हा भाजक म्हणजे नऊ गुणिले नऊ एक. माझी संख्या म्हणजे नऊ एक गुणिले नऊ एक. दोन्हीतून नऊ एक काढून टाकले की प्रश्न उरतो तो इतकाच: १११११११११ ला नऊने भागून किती उरतात? शून्य. मग तुकड्यांची बेरीज ९९९९९९९९९ च्या पटीतच हवी, आणि एवढ्या लहान तुकड्यांची बेरीज एका पटीच्या पुढे जाऊ शकत नाही. १११ ला नऊने भागून तीन उरतात, म्हणून ३३३. ११११ चे चार, म्हणून ४४४४.

हार्डीला कोड्याचं सदर दिसलं असतं. मला इथे शेषांचं अंकगणित दिसतं, आणि ते मास्तरकीच्या काळात मुलांना ताळा म्हणून शिकवत होते तेच आहे.

३० जानेवारी

पोरगा आला. पान चुरगळलेलं, चेहरा पडलेला.

“बिघडली आजी. बघा.”

१२३४५६७९००९८७६५४३२१. गुणाकार अगदी बरोबर होता. मधल्या रांगेत दहा एक, म्हणून शून्य लिहिलं, हातचा एक. डावीकडच्या रांगेत नऊ होते, हातच्याने दहा झाले, पुन्हा शून्य, हातचा एक. त्याच्या पुढच्या आठाचे नऊ झाले. मग कुठे हातचा थांबला. आठ नाहीसा झाला, आरसा फुटला. उजवी बाजू मात्र जशीच्या तशी, कारण हातचा डावीकडेच जातो.

त्याला २३ तारखेचं पान दाखवलं. १२३४५६७९, तिथेही आठ नव्हता.

“म्हणजे तिथेही हातचाच?”

एक भागिले ८१ म्हणजे एक, दोन, तीन अशा संख्या एकेक घर सरकवून केलेली बेरीज आहे. दहावर आलं की हातचा मागे जातो, नऊचा दहा करतो, आठाचा नऊ. चोर तोच.

मग म्हटलं, आता काप. उजवीकडून दहा अंक. त्याने पेन्सिलीने रेघ मारली: १२३४५६७९० आणि ०९८७६५४३२१. बेरीज केली. पेन्सिल थांबली, मग त्याने एक मोजायला सुरुवात केली. दहा भरले.

१११११११११ कापरेकर नव्हती, ११११११११११ आहे. जिथे डेम्लोची रांग मोडते, नेमक्या त्याच पायरीवर. ताळ्याने बघितलं तर आश्चर्य नाही: दहा एकांना नऊने भागून एक उरतो, म्हणून एक पट. पण पोराला ताळा सांगायची घाई केली नाही. तो पुन्हा पुन्हा बेरीज करत होता.

जाता जाता म्हणाला, “बिघडलेलीच जास्त भारी आहे.”

रात्री लीलावतीची स्थानं लावून पाहिली. ही एकोणीस आकडी. बारा परार्ध, आणि मग पुढचं. भास्कराचार्यांची अठरा घरं हिला पुरत नाहीत, वरचे दोन अंक एकाच घरात कोंबावे लागतात.

२ फेब्रुवारी

पोराने अकरा एक करून आणले. १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. तुकडे १२३४५६७९०१ आणि २०९८७६५४३२१, बेरीज अकरा दोन. त्याने स्वतःच ओळखलं की बाराला तीन येणार, तेराला चार. “मग एक परत कधी?” आज ताळा सांगितला. दर नऊ पायऱ्यांनी: १, १०, १९, २८.

एकोणीस एकांचा वर्ग आम्ही दोघांनी मिळून केला. १२३४५६७९०१२३४५६७९००९८७६५४३२०९८७६५४३२१, सदतीस अंक. हातचे सांभाळताना तो एकदा वैतागला, मी दोनदा. रेघ मारून बेरीज केली, एकोणीस एक सरळ ओळीत आले. हे चहा घेऊन आले होते, पेला ठेवून त्यांनीही एक मोजले. दोनदा.

एकोणीसची आणखी एक गोष्ट आहे. नुसत्या एकांची संख्या मूळ असणं फार दुर्मीळ. एकांची संख्या सम असेल तर ११ ने भाग जातोच (अपवाद खुद्द ११), तीनच्या पटीत असेल तर १११ ने. मूळ निघणाऱ्यांतल्या पहिल्या पाच म्हणजे २, १९, २३, ३१७ आणि १०३१ एकांच्या. पोराला ही यादी देऊन म्हटलं, यांतल्या कापरेकर कोणत्या ते गुणाकार न करता सांग. त्याने प्रत्येकाला नऊने भागलं. २ आणि ३१७ ला दोन उरतात, २३ आणि १०३१ ला पाच. एक उरतो तो फक्त एकोणीसला.